भिंतीपलीकडचं घुमट : फोंड्यातल्या एका भिंतीच्या मोजणीच्या नोंदी

१२ जून २०२४, बुधवार

रविवारच्या सोसायटीच्या सभेत शेजारच्या मास्तरांचा आरतीचा वर्ग बंद करावा असा ठराव आला. मास्तर निवृत्त शिक्षक. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की वाड्यावरची मुलं त्यांच्याकडे घुमट (मातीच्या भांड्याचं चर्मवाद्य), समेळ हे तालवाद्य आणि कांसाळे म्हणजे झांजा शिकायला येतात. त्यांचा हॉल आणि आमची आतली खोली यांच्यामध्ये एकच भिंत. एप्रिलमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून आई त्याच खोलीत झोपते, आणि दुपारी तिचा डोळा लागला की पलीकडे थाप पडते. तक्रार आईनं केलेली नाही. ती केली वरच्या मजल्यावरच्यांनी, आणि नाव घातलं आईचं.

सचिवांनी ५५ डेसिबलचा नियम वाचून दाखवला. तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५. पण तो बाहेरच्या वातावरणासाठी आहे. दोन घरांमधल्या भिंतीनं किती आवाज अडवायला हवा हे त्यात कुठेच नाही. मी उभी राहून म्हटलं, चवथीपर्यंत मुदत द्या, आधी भिंत मोजते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढली, पण स्वतःच्या घराची भिंत कधी मोजली नव्हती. ठराव पुढे ढकलला गेला.

१६ जून, रविवार

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांतला गोंगाट मोजणाऱ्या मैत्रिणीकडून मीटर मिळाला. एक-तृतीयांश सप्तकाचे पट्टे, म्हणजे खर्जापासून उंच सुरांपर्यंतचे छोटे छोटे भाग, वेगवेगळे दाखवणारा, सोबत मीटर बरोबर दाखवतो का ते तपासायला ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर. मोबाइलवरच्या ॲपनं हे काम होत नाही. एकच आकडा घेऊन भिंतीचं काही कळत नाही, कारण भिंत प्रत्येक सुराला वेगळी वागते.

पद्धत आयएसओ १६२८३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पहिल्या भागातली. एका खोलीत मोठ्यानं पिंक नॉइज लावायचा, म्हणजे धबधब्यासारखा सगळ्या पट्ट्यांत भरलेला आवाज. त्या खोलीतली पातळी मोजायची, मग पलीकडच्या खोलीतली. दोन्हींतला फरक हा पाया. मात्र पलीकडची खोली रिकामी आणि घुमणारी असेल तर आवाज तिथे साठतो, भिंत चांगली असूनही आकडा वाईट येतो. म्हणून त्या खोलीचा निनादकाळ, म्हणजे आवाज बंद केल्यावर तो विरायला लागणारा वेळ, मोजून फरक अर्ध्या सेकंदाच्या निनादावर आणायचा. फरकात दहा गुणिले लॉग, कंसात निनादकाळ भागिले ०.५, इतकं मिळवायचं. याला पुढे मी ‘प्रमाणित फरक’ म्हणेन.

मीटर प्रत्येक खोलीत किमान पाच जागी धरायचा. जागांमध्ये ७० सेंटीमीटर अंतर, भिंतींपासून निदान ५० सेंटीमीटर, स्पीकरपासून एक मीटर. स्पीकरच्याही दोन जागा. हे सगळं खोलीत आवाज सारखा पसरत नाही म्हणून. कोपऱ्यात खर्ज साचतो, मध्यभागी तोच खर्ज गायब असतो.

भजनी मंडळानं स्पीकर दिला. कशासाठी हवा ते सांगितल्यावर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “बाय, आमचोय हॉल मेजून दी.” चवथीनंतर देईन म्हटलं.

२३ जून, रविवार

पहिली मोजणी वाया. पाऊस.

मास्तरांच्या खिडकीवर पत्र्याची शेड आहे. सर लागली की ३१५० हर्ट्झच्या पट्ट्यात आईच्या खोलीत नुसत्या पावसाचेच ४८ डेसिबल. स्पीकर लावल्यावर सगळं मिळून ५३. फरक पाच. पार्श्वभूमी मोजायच्या आवाजाहून किमान ६ डेसिबल, शक्यतो १० हून जास्त खाली हवी, नाहीतर भिंत मोजतोय की पाऊस मोजतोय ते सांगता येत नाही. वर मी आईच्या खोलीतला पंखा बंद करायला विसरले होते.

निनादकाळ मात्र मोजून घेतला, त्याला पावसाच्या दोन सरींमधली फट पुरते. आवाज एकदम बंद करायचा आणि पातळी कशी ढासळते ते पाहायचं. आईची खोली ३.६ बाय ३.२ मीटर, उंची २.८, म्हणजे ३२ घनमीटरला थोडी जास्त. फरशी, गिलावा, एक लोखंडी कपाट, एक खाट. मधल्या पट्ट्यांत ०.९ सेकंद, १२५ हर्ट्झला १.० सेकंद. आपल्याकडच्या घरांत हे नेहमीचंच, कार्पेट नाही, जाड पडदे नाहीत.

इथे वॉलेस सॅबिन या हार्वर्डच्या भौतिकशास्त्रज्ञाची आठवण येतेच. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून, थोड्या थोड्या वाढवत, तो ऑर्गनच्या नळीचा आवाज विरायला लागणारा वेळ मोजत राहिला. त्यातूनच निनादकाळ आणि शोषण यांचं नातं निघालं. मी आज वापरतेय तो हिशेब त्याच नात्यावर उभा आहे. त्या गाद्या वाहून नेणाऱ्या रात्री मला फार जवळच्या वाटतात.

२९ जून, शनिवार, रात्र

साडेनऊपर्यंत पाऊस थांबला. मास्तर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, आमच्याकडे येऊन बसले, आई आणि काकी गप्पा मारत होत्या. मास्तरांच्या हॉलात मी आणि पुतण्या. खिडक्या, दारं दोन्हीकडे बंद. आधी कॅलिब्रेटर, ९४.० बरोबर. दहाच्या आत आवाज बंद करायचा म्हणून घाई झाली, तरी पाच जागा आणि स्पीकरच्या दोन्ही जागा पूर्ण झाल्या.

रातकिडे वरच्या पट्ट्यांत थोडे दिसत होते, पण मोजायच्या आवाजाहून १४ डेसिबल खाली. चालेल. शेवटी पुन्हा कॅलिब्रेटर, ९४.१.

स्पीकर सुरू असताना मी आईच्या खोलीत डोळे मिटून उभी राहिले. आवाज भिंतीतून येतोय असं वाटलं नाही, डोक्यावरून येत होता. ही नोंद इथे लिहून ठेवते, कारण आकड्यांत दिशा दिसत नाही.

३० जून, रविवार

हिशेब. आधी एक चूक सापडली. पाच जागांच्या डेसिबलची मी साधी सरासरी काढली होती. डेसिबल असे मिळवता येत नाहीत, त्यांचं ऊर्जेत रूपांतर करून सरासरी काढायची आणि मग परत डेसिबलमध्ये यायचं. फरक अर्धा डेसिबलच पडला, पण सगळं पुन्हा केलं.

उदाहरणाला १००० हर्ट्झ. मास्तरांच्या हॉलात ९२.०, आईच्या खोलीत ५७.६. फरक ३४.४. निनादकाळ ०.९ म्हणून २.६ मिळवले. प्रमाणित फरक ३७.

१०० हर्ट्झपासून ३१५० पर्यंतचे सोळा पट्टे क्रमानं असे: ३१, ३०, ३२, ३४, ३५, ३७, ३८, ३८, ३८, ३८, ३७, ३७, ३६, ३६, ३७, ३८.

यातून एक आकडा काढायची रीत आयएसओ ७१७ मध्ये आहे. एक ठरलेली वक्ररेषा आहे, ती मोजलेल्या आकड्यांवर डेसिबल-डेसिबलनं वर-खाली सरकवायची. जिथे आपली भिंत रेषेच्या खाली पडते तिथली तूट मोजायची. सगळ्या तुटींची बेरीज ३२ पेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. त्या अटीत रेषा जितकी वर नेता येईल तितकी न्यायची, आणि ५०० हर्ट्झला ती जिथे असेल तो आपला आकडा. ३८ वर ठेवली तर तूट ३३. एका डेसिबलनं हुकलं. म्हणून ३७.

३७ ही वाईट भिंत आहे. पण एका आकड्यापेक्षा मला त्या ओळीची चाल बोलकी वाटते. भरीव, जड भिंत जसजसा सूर चढतो तसतसा जास्त आवाज अडवते. आपली ओळ ४०० पर्यंत चढते आणि मग सपाट होते, उलट जराशी उतरते. भिंतीचं वजन कमी असतं तर सगळी ओळ खाली असती, पण चढत राहिली असती. सपाट होणं हे फटीचं लक्षण आहे.

फट किती? १००० हर्ट्झला ३७ डेसिबल म्हणजे पाच हजारांतला एक भाग पलीकडे जातो. भिंत १० चौरस मीटर. तिचा पाच हजारावा भाग म्हणजे २० चौरस सेंटीमीटर. आगपेटीच्या चेहऱ्याहून थोडं मोठं भोक. एवढं भोक सगळ्या भिंतीला हरवतं. भिंतीचा शंभरावा भाग उघडा राहिला तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी २० डेसिबलच्या वर जाता येत नाही.

७ जुलै, रविवार

भोक शोधायचा दिवस.

आधी भिंत कशाची आहे ते. इमारत बांधली तेव्हा सगळं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, बांधकाम असं सांगितलं होतं, आणि आम्ही पंधरा वर्षं तेच मानत आलो. कपाटामागे बारीक ड्रिल मारलं. लाल चुरा यायला हवा होता, आला करडा. सिमेंटचा ब्लॉक, आणि चार सेंटीमीटरवर ड्रिल एकदम आत गेलं, म्हणजे पोकळ. दोन्हीकडचा गिलावा धरून भिंत १७ सेंटीमीटर. बाहेरच्या भिंती खरंच चिऱ्याच्या आहेत, मधली नाही. मला वाईट वाटलं, पण हिशेबानं पाहिलं तर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास वजन भरतं. अशा भिंतीकडून पंचेचाळीसच्या वर अपेक्षा ठेवायला हरकत नाही. म्हणजे दोष ब्लॉकचा नाही.

मग उदबत्ती. मास्तरांकडे एक्झॉस्ट पंखा लावला, दारं-खिडक्या बंद केल्या, आणि आमच्या बाजूनं भिंतीच्या कडेकडेनं उदबत्ती फिरवली. खाली स्कर्टिंगजवळ धूर सरळ वर. कोपऱ्यात सरळ. स्विचबोर्डपाशी धूर आत ओढला गेला. पुतण्या टेबलावर चढला आणि बीमखाली उदबत्ती धरली. धूर आडवा होऊन भिंतीत शिरला, तब्बल दोन मीटर लांबीत.

आईनं खाटेवरून पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे मास्तर वरून येतात.” तिलाही आवाज डोक्यावरून यायचा.

गवंड्याला बोलावलं. त्यानं गिलावा खरवडला आणि लगेच सांगितलं. बीमखालचा शेवटचा थर नेहमी असाच राहतो. खालचे थर वरून मसाला टाकून बसवता येतात. शेवटच्याला वरून जागाच नसते, थापी शिरत नाही, मग समोरून मसाला लोटतात आणि गिलाव्यानं झाकतात. त्यात ब्लॉक वाळताना आकसतो, बीम जरासा वाकतो, आणि रेघ पडते. मुंबईला राहणाऱ्या भावाच्या घरातही बीमखाली तीच रेघ आहे, आम्ही तिला रंगाचा तडा समजत होतो.

स्विचबोर्डचं तर अगदी साधं. आमची पेटी आणि मास्तरांची पेटी पाठीला पाठ लावून एकाच भोकात बसवल्यात. मध्ये दोन पत्रे आणि हवा.

१० जुलै, बुधवार

मास्तरांनी मला न सांगता हॉलच्या भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले. ऐंशी ट्रे. कुणीतरी सांगितलं म्हणून. बिचाऱ्यांनी दोन दिवस त्यात घालवले. मोजलं. त्यांच्या हॉलातला आवाज एक-दीड डेसिबलनं उतरला, आईच्या खोलीतलाही तितकाच, फरक होता तिथेच. ट्रे असोत की फोम, ते खोलीतल्या खोलीत घुमणं कमी करतात, तेही वरच्या सुरांचं. पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि बंद फट लागते. मास्तरांना सांगताना फार जड गेलं. ते म्हणाले, “मुलांना कांसाळे कमी टोचतात, राहू देत.” राहू दिले.

१४ जुलै, रविवार

आईनं परवा सांगितलं की दुपारच्या घुमटापेक्षा पहाटेचा मिक्सर तिला जास्त जागवतो. तीन महिने बोलली नव्हती, कारण काकी पावणेसहाला उठून नातवाच्या डब्याचं बघतात आणि त्यात हिला गाऱ्हाणं वाटत नाही. नारळाचा मसाला वाटायचा म्हणजे मिक्सर चार-पाच मिनिटं चालणार.

पण काकींचं स्वयंपाकघर आईच्या खोलीला लागून नाही, हॉलच्या पलीकडे आहे. हवेतून इतका आवाज यायलाच नको. म्हणून पहाटे गेले. मिक्सर ओट्यावर असताना आईच्या खोलीत ४६ डेसिबल. मग मिक्सर घडी घातलेल्या गोधडीवर ठेवून पुतण्यानं हातानं धरला. स्वयंपाकघरात आवाज तेवढाच, ८४. आईच्या खोलीत ३४, आणि त्यातले ३२ नुसत्या पहाटेच्या पावसाचे.

कारण ओटा. ग्रॅनाइटची लादी भिंतीत खाच पाडून बसवली आहे, आणि तीच सलग भिंत पुढे आईच्या खोलीपर्यंत येते. मिक्सरची थरथर लादीतून ब्लॉकमध्ये, ब्लॉकमधून सगळ्या भिंतीत, आणि भिंत मग आईच्या उशाशी स्पीकरसारखी बोलते. हा आवाज माझ्या मोजणीत कधीच आला नसता. पिंक नॉइज हवेतून भिंतीवर आदळतो, मिक्सर भिंतीला हात लावून हलवतो.

वरच्या बाजारातून जाड रबराची चटई आणली, तिचे चार तुकडे मिक्सरखाली. १८० रुपये. महिनाभरातलं सगळ्यात स्वस्त काम, आणि आईच्या झोपेच्या बाबतीत बहुधा सगळ्यात मोठं.

१७ जुलै, आषाढी

बीमखालची फट दोन्ही बाजूंनी भरायला हवी, पण मास्तरांच्या बाजूला त्यांच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी पीओपीचं छत केलंय. फट त्याच्या वर. भिंतीलगतची एक फुटाची पट्टी कापावी लागणार. संध्याकाळी उपासाचं घेऊन गेले आणि कागदावर काढून दाखवलं. मास्तर बराच वेळ त्या सोळा आकड्यांकडे पाहत होते. मग विचारलं, यात माझं घुमट कुठलं? मी पहिल्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. “ते सुधारतील?” म्हटलं, खोटं नाही सांगत, बहुतेक नाही. बाजाची पेटी, गाणं, बोलणं, टीव्ही कमी होईल.

छत कापायला होकार दिला. मुलाला ते स्वतः फोन करणार आहेत.

२७ आणि २८ जुलै

काम. गवंडी, त्याचा मदतनीस, वायरमन.

बीमखालची रेघ दोन्हीकडून दोन-अडीच सेंटीमीटर खोल उकरली. आत धूळ, सुटा मसाला, एका जागी सिमेंटच्या पिशवीचा कागद गोळा करून कोंबलेला. व्हॅक्यूमनं साफ करून, ओलं करून, न आकसणारा ग्राउट मागेपर्यंत दाबून भरला. वरचा शेवटचा सेंटीमीटर मुद्दाम कडक मसाल्यानं भरला नाही, तिथे लवचीक सीलंट घातलं. बीम हलणारच, कडक भरलं तर पुढच्या वर्षी तीच रेघ परत.

मेन स्विच बंद करून दोन्ही पेट्या काढल्या. मधल्या भोकात मसाला पूर्ण भरला. मास्तरांची पेटी ४० सेंटीमीटर बाजूला सरकवली. एसीच्या जुन्या नळीचं एक विसरलेलं भोकही निघालं, रंगाखाली कागद चिकटवून झाकलेलं.

एकूण खर्च ११,४०० रुपये. निम्मे आम्ही, निम्मे मास्तर द्यायला निघाले होते. सोसायटीनं द्यावेत असं मी लिहून दिलंय, कारण दोष दोघांपैकी कुणाचा नाही, बांधकामाचा आहे.

११ ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे वाळू दिलं. काल रात्री मोजलं. त्याच जागा, तोच स्पीकर, टेपनं केलेल्या त्याच खुणा.

३१, ३०, ३३, ३५, ३७, ४०, ४२, ४४, ४६, ४७, ४८, ४९, ५०, ५०, ५१, ५२.

ओळ आता शेवटपर्यंत चढते. हिशेब करायच्या आधीच मला ते दिसलं, आणि मी आईला उठवून सांगितलं. आकडा ४७, तूट २७. म्हणजे ३७ वरून ४७. १००० हर्ट्झला पूर्वीच्या बाराव्या भागाहूनही कमी आवाज येतो. मास्तरांच्या टीव्हीवरच्या बातम्या आईला शब्दन् शब्द कळायच्या, आज नुसती गुणगुण.

१३ ऑगस्ट, मंगळवार

पहिले दोन आकडे जागचे हलले नाहीत. ३१ आणि ३०, आधीही आणि आताही. हे अपेक्षित होतं, तरी कागदावर पाहताना मन खट्टू झालं.

फटीतून उंच सूर निसटतात. खर्जाला फटीची गरज नसते, तो अख्खी भिंत हलवून जातो, आणि त्याला अडवायला फक्त वजन उपयोगी. वजन दुप्पट केलं तर पुस्तकी नियमानं ६ डेसिबल, प्रत्यक्षात थोडे कमीच. दुसऱ्या मजल्यावर भिंतीचं वजन दुप्पट करणं म्हणजे स्लॅबचा प्रश्न.

म्हणून ४७ हा आकडा एकटा सांगायचा नाही असं ठरवलं. आयएसओ ७१७ मध्येच खर्जाला जास्त मान देणारी दुरुस्ती आहे, वाहतुकीच्या आवाजाच्या धर्तीवरची. ती लावली की ४७ चे ४२ होतात. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत २००३ पासून नव्या घरांमधल्या सामाईक भिंतीला याच दुरुस्तीसह किमान ४५ लागतात, म्हणजे तिथे आमची भिंत फटी बुजवल्यानंतरही तीन डेसिबलनं नापास. फटी बुजवण्याआधी याच मापानं ३७ होते. एका हिशेबानं १० ची सुधारणा, दुसऱ्या हिशेबानं ५. सभेत दोन्ही सांगणार.

आज वर्ग चालू असताना मोजलं. पाच मुलं. घुमट म्हणजे मातीचं भांडं, दोन तोंडं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. एक हात थाप देतो, दुसरा लहान तोंड झाकतो-उघडतो, आणि त्यातून तो आतून फुगून येणारा खर्ज निघतो. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं. घोरपड संरक्षित प्राणी, त्यामुळे आता बकरीचं. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. मास्तरांच्या घुमटांचा सगळ्यात मोठा आवाज १२५ च्या पट्ट्यात, हॉलात ८२, आईच्या खोलीत ५५. नेमका भिंतीचा सगळ्यात कच्चा पट्टा.

१८ ऑगस्ट, रविवार

एक पार्टिशनवाला आला होता. जिप्समचा एक बोर्ड, भिंतीपासून एक इंच सोडून, “साउंडप्रूफ”. बोलायला चांगला माणूस, पण हिशेब पाहा. जड भिंत, मध्ये हवा आणि समोर हलका बोर्ड. हवा इथे स्प्रिंगसारखी वागते, आणि एका विशिष्ट सुराला बोर्ड त्या स्प्रिंगवर डोलू लागतो. तो सूर म्हणजे ६० भागिले बोर्डाचं वजन गुणिले हवेची जाडी यांचं वर्गमूळ. वजन चौरस मीटरला किलोत, जाडी मीटरात. एक बोर्ड १० किलोच्या जवळपास, जाडी ०.०२५. उत्तर १२० हर्ट्झ. त्या सुराला भिंत आधीपेक्षा जास्त आवाज सोडते. म्हणजे पैसे देऊन आम्ही घुमटालाच वाट करून दिली असती.

दोन बोर्ड एकावर एक आणि मध्ये पाच सेंटीमीटर, त्यात रॉकवूल, असं केलं तर तो सूर ६० वर उतरतो आणि १२५ ला फायदा सुरू होतो. सांगाडा भिंतीला न टेकता उभा करायला हवा. खोली आठ-नऊ सेंटीमीटर अरुंद होते. आणि आपल्या पावसाळ्यात जिप्समच्या मागे बुरशी. आत्ता नको. लिहून ठेवलंय.

२५ ऑगस्ट, रविवार

मास्तरांनीच सुचवलं. त्यांच्या घरात जिन्याच्या बाजूला एक खोली आहे, जुनी पुस्तकं आणि नातवाची सायकल ठेवलेली. ती रिकामी केली. आता घुमट आणि आईच्या खोलीमध्ये त्यांचा सगळा हॉल आणि दोन भिंती. मुलांनी वाजवलं, मी मोजलं. १२५ च्या पट्ट्यात आईच्या खोलीत ४३. पूर्वी ५५. कुठल्याही बोर्डानं एवढं दिलं नसतं.

जिन्यात मात्र आवाज वाढला. दार हलकं, खाली बोटभर फट. दाराला रबरी पट्टी आणि खाली ब्रश लावायचा आहे, मंगळवारी सुतार येतो. वरच्या मजल्यावरच्यांना आधीच सांगून ठेवलं, आणि त्यांच्याच दारात मीटर धरून आकडा दाखवला.

१ सप्टेंबर, रविवार

सभा. दोन्ही ओळी मोठ्या कागदावर काढून नेल्या. ठराव मागे घेतला. दुरुस्तीचा खर्च सोसायटी देणार. आणखी चार घरांनी बीमखाली उदबत्ती फिरवून पाहिली, चारही ठिकाणी धूर आत गेला. वर्गाची वेळ साडेचार ते सहा ठरली, हे मास्तरांनी स्वतः सांगितलं.

१५ सप्टेंबर, रविवार

चवथ झाली. ७ तारखेला रात्री मास्तरांच्या हॉलात आरत्या झाल्या, आई खुर्चीत बसून तिथेच होती. त्या दिवशी मीटर पेटीत.

राहिलेलं काम. जिन्याच्या दाराची पट्टी एका कोपऱ्यात सुटली आहे, परत चिकटवायची. मीटर वेर्ण्याला परत द्यायचा, त्याआधी भजनी मंडळाचा हॉल. आणि बीमखालचं सीलंट: आत्ता भिंत पावसानं ओलावलेली, फुगलेली आहे. खरी परीक्षा कोरड्या दिवसांत, ब्लॉक आकसल्यावर. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यासाठी मीटर मागून ठेवलाय. टेपच्या खुणा फरशीवर तशाच ठेवल्यात, आईला सांगितलंय पुसू नको.